प्रकाश आणि ध्वनी: वर्गात हमखास येणारे प्रश्न

आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकवताना काही प्रश्न दरवर्षी येतात, फक्त विचारणारे चेहरे बदलतात. त्यातले थोडे स्वाध्यायातले असतात. चांगले प्रश्न मात्र बहुतेक मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता येतात. ते इथे एकत्र केले आहेत. परिभाषा पाठ्यपुस्तकातलीच ठेवली आहे, म्हणजे परीक्षेत अडायला नको.

तरंग म्हणजे नेमकं काय? त्यात पुढे काय जातं?

सगळ्या धड्याचा जीव या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबू.

पाण्याच्या हौदात वाळलेलं पान सोडा आणि थोड्या अंतरावर खडा टाका. वर्तुळं पसरत पसरत पानापर्यंत येतात, पान खालीवर डुलतं आणि वर्तुळं पुढे काठाला जाऊन आपटतात. पान मात्र जागेवरच राहतं. पाणी पुढे वाहत गेलं असतं तर त्याने पानालाही सोबत नेलं असतं. म्हणजे पुढे गेली ती नुसती हालचाल, म्हणजेच ऊर्जा. पाणी जिथल्या तिथे हललं. (बारकाईने पाहिलंत तर पान नुसतं खालीवर होत नाही, छोटीशी गोल गिरकी घेतं.)

दुसरं उदाहरण प्रार्थनेच्या रांगेतलं. शेवटच्या मुलाने पुढच्याला ढकललं, त्याने त्याच्या पुढच्याला, असं करत धक्का पहिल्या मुलापर्यंत पोचतो. शेवटचा मुलगा काही पुढे जाऊन उभा राहिलेला नसतो. तुम्ही बोलता तेव्हा तुमच्या तोंडातली हवा मित्राच्या कानात शिरत नाही. हवेतल्या रेणूंनी एकमेकांना दिलेला धक्का तेवढा पोचतो.

ध्वनी आणि प्रकाश दोन्ही तरंगच, मग फरक काय?

रांगेतला धक्का ज्या दिशेने पुढे जातो, त्याच दिशेने मुलं मागेपुढे हलतात. ध्वनी तसाच असतो. हवा कुठे दाटते, कुठे विरळ होते. दाटलेल्या भागाला संपीडन आणि विरळ भागाला विरलन म्हणतात. अशा तरंगाला अनुतरंग म्हणायचं.

आता दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधा आणि दुसरं टोक हातात धरून झटका द्या. लाट गजाकडे जाते, दोरी मात्र खालीवर होते. कंपन आणि तरंगाची दिशा एकमेकींना काटकोनात असतात. हा अवतरंग. प्रकाश या जातीचा.

तरंगलांबी, वारंवारता आणि आयाम यांत नेहमी गोंधळ होतो.

झोपाळा डोळ्यांसमोर आणा. तो मधल्या जागेपासून किती लांब जातो, तो आयाम. एका सेकंदात किती हेलकावे घेतो, ती वारंवारता. ती हर्ट्झमध्ये मोजतात. तरंगाच्या एका शीर्षापासून (म्हणजे उंचवट्याच्या टोकापासून) पुढच्या शीर्षापर्यंतचं अंतर म्हणजे तरंगलांबी.

ध्वनीत आयाम वाढला की आवाज मोठा होतो आणि वारंवारता वाढली की आवाज उंच, बारीक होतो. "मोठा" आणि "उंच" हे दोन शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो आणि पेपरात गुण जातात ते इथेच. डासाची गुणगुण बारीक असते पण लहान. वाघाची डरकाळी मोठी असते पण खर्जातली. प्रकाशात आयाम वाढला की तेज वाढतं. वारंवारता बदलली की रंग बदलतो.

तिघांना जोडणारं सूत्र एकच: वेग = वारंवारता × तरंगलांबी. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. हवेतला वेग ३४० मीटर प्रति सेकंद धरला तर २० हर्ट्झच्या तरंगाची लांबी १७ मीटर येते आणि २०,००० हर्ट्झच्या तरंगाची १.७ सेंटीमीटर.

वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर का ऐकू येतो?

दोघांच्या वेगात जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणून. निर्वातात प्रकाश सेकंदाला २,९९,७९२ किलोमीटरहून किंचित जास्त जातो. हवेत ध्वनी २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजा आणि तीनने भागा, म्हणजे वीज किती किलोमीटरवर पडली ते कळतं. अंतर दहा किलोमीटरच्या आत येत असेल तर मैदानात किंवा झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा. आणि मोजत बसायला उघड्यावर थांबू नका, हे कळकळीने सांगतो.

गडगडाट लांबत का जातो? विजेची रेघ काही किलोमीटर लांब असते. जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो, लांबच्या टोकाचा मागून.

हाच फरक नदीकाठी फार सुंदर दिसतो. पलीकडच्या घाटावर कुणी बाई धुणं आपटत असेल तर पाहत राहा. कपडा दगडावर पडताना दिसतो तेव्हा आवाज नसतो. "धप्प" ऐकू येतं तेव्हा कपडा तिच्या डोक्यावर हवेत असतो. ती सेकंदाला एकदा आपटत असेल आणि आवाज बरोबर कपडा वर असताना येत असेल, तर आवाजाला अर्धा सेकंद लागला. म्हणजे पात्र साधारण १७० मीटर रुंद. नदी न ओलांडता तिची रुंदी कळली!

मोठ्याने ओरडलं तर आवाज लवकर पोचतो का?

नाही. कुजबुज आणि आरोळी एकाच वेगाने जातात, उंच सूर आणि खर्जही. लांबच्या लग्नातला बँड ऐकताना सनईसारखे बारीक सूर पुढे आणि ढोल मागे, असं कधी होत नाही. गाणं सुरात आणि तालातच ऐकू येतं.

वेग ठरवतं ते माध्यम, विशेषतः त्याचा स्प्रिंगपणा, म्हणजे ढकललं की ते किती जोराने मागे येतं. हवेत ३४३, पाण्यात सुमारे १,५०० आणि पोलादात ५,००० मीटर प्रति सेकंदाच्याही वर. हवेचं तापमान एक अंशाने वाढलं की ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो. काडेपेटीच्या फोनमध्ये दोरा ताणलेला असेल तरच आवाज जातो, तो याच कारणाने: ताण हाच त्या माध्यमाचा स्प्रिंगपणा.

चंद्रावर हाक मारली तर ऐकू येईल का? मग तिथला प्रकाश इथे कसा येतो?

ऐकू येणार नाही. तिथे धक्का पुढे द्यायला हवाच नाही.

प्रकाशाला मात्र धक्का देणारे रेणू लागत नाहीत. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६०च्या दशकात समीकरणांतून दाखवलं की विद्युत क्षेत्र बदललं की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते बदललं की पुन्हा विद्युत क्षेत्र, आणि अशी ही जोडी एकमेकींच्या आधाराने रिकाम्या जागेतूनही पुढे जाते. त्यांनी काढलेला वेग प्रकाशाच्या वेगाशी जुळला. पुढे १८८०च्या दशकाच्या अखेरीस हाइनरिश हर्ट्झ यांनी असे तरंग प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवले. वारंवारतेच्या एककाला नाव आहे ते त्यांचंच. चंद्रावरून निघालेला प्रकाश सव्वा सेकंदाच्या आसपास पोचतो, सूर्याचा सुमारे ८ मिनिटं २० सेकंदांनी.

आई स्वयंपाकघरातून हाक मारते ती ऐकू येते, पण आई दिसत नाही. असं का?

हा प्रश्न एका सातवीतल्या मुलीने विचारला होता आणि मला तो अजून आवडतो. भिंतींवरून आवाज परावर्तित होतो हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं तरंगलांबीत आहे. वाटेत दार किंवा कडा आली की तरंग तिच्याभोवती वळतात, याला विवर्तन म्हणतात. पण ते ठसठशीत दिसायला तरंगलांबी आणि दाराची रुंदी एकमेकींच्या जवळपास असावी लागते. ३४० हर्ट्झच्या आवाजाची तरंगलांबी एक मीटर, दार साधारण तेवढंच. आवाज दारातून निघून खोलीभर पसरतो. हिरव्या प्रकाशाचे मात्र एका मिलिमीटरात जवळपास दोन हजार तरंग मावतात. त्याला दार म्हणजे अफाट मैदान. तो सरळ निघून जातो आणि मागे स्वच्छ कडांची सावली सोडतो.

थंडीतल्या पहाटे लांबच्या गाडीची शिट्टी ऐकू येते, दुपारी का नाही?

दुपारी गोंगाट असतो हे खरं, पण तेवढंच कारण नाही.

एक नियम लक्षात ठेवा: ज्या बाजूला वेग कमी, त्या बाजूला तरंग वळतो. चिखलाच्या कडेने जाणारी बैलगाडी अशीच वळते. चिखलातलं चाक रेंगाळतं आणि गाडी त्या अंगाला झुकते. पाठ्यपुस्तकात याला अपवर्तन म्हणतात. पेल्यातला चमचा वाकडा दिसतो तोही याचमुळे. पाण्यात प्रकाशाचा वेग सेकंदाला सव्वादोन लाख किलोमीटरवर येतो, हिऱ्यात तर सव्वा लाखाच्याही थोडा खाली.

आता पहाट पाहू. रात्रभरात जमीन थंड पडते आणि तिला लागून असलेली हवाही. वरची हवा त्या मानाने उबदार. थंड हवेत ध्वनी सावकाश जातो, म्हणून वर निघालेला आवाज पुन्हा जमिनीकडे वळतो आणि मैलभर लांबच्या माणसाच्या कानाशी येतो. काकड आरतीचे टाळ शेजारच्या गावात पोचतात ते असे. दुपारी उलट. जमिनीलगतची हवा तापलेली, आवाज वर वळतो आणि आपल्या डोक्यावरून निघून जातो.

आणि चैत्र-वैशाखात डांबरी रस्त्यावर पुढे पाणी साचल्यासारखं दिसतं ना, ते मृगजळ? नियम तोच. तापलेल्या विरळ हवेत प्रकाश किंचित वेगाने जातो. आकाशातून रस्त्याकडे येणारा किरण रस्त्याजवळ वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. आपल्याला दिसतं ते पाणी नसतं, आकाशाचा तुकडा असतो. दुपारचा हरवलेला आवाज आणि दुपारचं मृगजळ ही एकाच आईची लेकरं आहेत. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा झालेला आनंद अजून ताजा आहे.

प्रतिध्वनी ऐकू यायला किती अंतर लागतं?

कानात शिरलेल्या आवाजाचा परिणाम सुमारे ०.१ सेकंद टिकतो. त्याआधी परतलेला आवाज वेगळा कळत नाही. ०.१ सेकंदात आवाज ३४ मीटर जातो. जाणं आणि येणं मिळून तेवढं, म्हणून अडथळा किमान १७ मीटरवर हवा. माथेरानच्या एको पॉइंटवर समोरचा कडा खूप लांब आहे, म्हणून हाक स्वच्छ सुटी परत येते. रिकाम्या वर्गात ती नुसती घुमते. त्याला निनाद म्हणतात.

विजापूरच्या गोल घुमटात सहल गेली तर वरच्या सज्जात नक्की चढा. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडच्या अंगाला, जवळपास ३८ मीटरवर, भिंतीला कान लावलेल्या माणसाला ते ऐकू येतं. आवाज घुमटाच्या वक्र भिंतीला चिकटून परावर्तित होत होत जातो. एका टाळीचे अनेक प्रतिध्वनी तर येतातच. सी. व्ही. रामन यांनी या कुजबुजत्या सज्जाचाही अभ्यास केला होता.

तबला सुरात लागतो, ढोल का नाही?

तार एकाच वेळी मूळ वारंवारतेने हलते आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतांनीही. पूर्ण पटीत असलेलं हे कुटुंब कानाला एकच सूर म्हणून कळतं. मध्य सप्तकातला सा २४० हर्ट्झला धरला तर पंचम ३६० आणि तार सा ४८० हर्ट्झला येतो. तंबोऱ्यावर तार छेडून कान दिला तर वरचे स्वर एकामागून एक उमलताना ऐकू येतात.

नुसत्या ताणलेल्या कातड्याचं तसं नाही. त्याच्या वरच्या वारंवारता पूर्ण पटीत येत नाहीत, म्हणून थाप ऐकू येते पण ठाम सूर सापडत नाही. तबल्यात त्या पूर्ण पटीत आणायचं काम मध्यावरची काळी शाई करते. लोखंडाची पूड आणि खळ यांचे थर एकावर एक देऊन, प्रत्येक थर दगडाने घोटून ती चढवलेली असते. तिच्या वजनाने मधला भाग जड होतो आणि वरच्या वारंवारता सरकून जवळजवळ पूर्ण पटींत येऊन बसतात. रामन यांनी १९२० साली हे दाखवलं. कारागिरांना मात्र ते कानाने आधीच साधलं होतं, आणि मला तबल्याकडे पाहताना नेहमी त्यांचा आदर वाटतो.

आपल्याला ऐकू न येणारे आवाज कोणते?

२० हर्ट्झच्या खालचे अवश्राव्य. हत्ती ते वापरतात. २०,०००च्या वरचे श्राव्यातीत. वटवाघळं त्यांच्या प्रतिध्वनीवरून अंधारात किडे पकडतात. सोनोग्राफीत दहा लाख हर्ट्झच्या वरचे तरंग लागतात, कारण बारीक गोष्ट पाहायची तर तरंगही तेवढाच बारीक हवा. शरीरात अशा तरंगाची लांबी मिलिमीटरच्या आसपास किंवा कमी असते.

इंद्रधनुष्य घरी करता येतं का?

येतं. सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाकडे पाठ करून अंगणात उभे राहा, पाण्याची चूळ भरा आणि समोर सावलीच्या दिशेने बारीक फवारा उडवा. क्षणभर रंगांची कमान दिसते. मागे गडद झाडी असेल तर आणखी छान.

थेंबात शिरताना प्रकाश वळतो, आतल्या मागच्या पृष्ठावरून परततो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो. जांभळा रंग तांबड्यापेक्षा जास्त वळतो, म्हणून रंग सुटे होतात. हे अपस्करण. तुमच्या डोक्याच्या सावलीपासून सुमारे ४२ अंशांवर तांबडी कड दिसते. सूर्य नेहमी पाठीमागे हवा, म्हणून सकाळचं इंद्रधनुष्य पश्चिमेला आणि संध्याकाळचं पूर्वेला. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना ते जमिनीवरून आकाशात दिसत नाही.

आकाश निळं का? आणि समुद्र?

हवेचे रेणू लहान तरंगलांबीचा प्रकाश कितीतरी जास्त विखुरतात. तरंगलांबी निम्मी झाली तर विखुरणं सोळा पटींनी वाढतं. म्हणून निळा चहूकडून डोळ्यांत येतो. मावळतीला किरण हवेच्या फार लांब थरातून येतात, वाटेत निळा विखुरून संपतो आणि तांबडा उरतो.

समुद्र निळा दिसतो तो फक्त आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, असं पूर्वी मानत. १९२१ साली बोटीने परत येताना रामन यांनी भूमध्य समुद्राची निळाई पाहिली आणि ते स्पष्टीकरण त्यांना पटलं नाही. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवलं. तोच धागा पकडून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी रामन परिणामाचा शोध लावला: विखुरलेल्या प्रकाशातल्या थोड्या भागाची तरंगलांबीच बदलते. १९३०चं नोबेल त्यासाठी मिळालं. शाळेत राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो तो याच तारखेला.

न दिसणारा प्रकाश "पाहता" येतो का?

टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना काही दिसत नाही, पण पडद्यावर रिमोटच्या टोकाला फिकट जांभळट ठिपका लुकलुकतो. तो अवरक्त प्रकाश. मागच्या कॅमेऱ्यात दिसला नाही तर पुढचा वापरून पाहा. काही कॅमेऱ्यांत तो अडवणारी गाळणी बसवलेली असते.

डोळ्यांना फक्त साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा पट्टा दिसतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). त्यापलीकडे क्ष-किरणांपासून रेडिओ तरंगांपर्यंत सगळे प्रकाशाचेच भाऊबंद, त्याच वेगाने जाणारे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातल्या हायड्रोजनकडून येणारे २१ सेंटीमीटरचे तरंग ती टिपते. रेडिओ हा "आवाज" आहे असं बऱ्याच मुलांना वाटतं. तसं नाही. हवेतून येतो तो प्रकाशाच्या जातीचा तरंग, आवाज होतो तो स्पीकरपाशी.

रेकॉर्ड केलेला माझाच आवाज मला परका का वाटतो?

बोलताना तुम्ही स्वतःला हवेतूनही ऐकता आणि कवटीच्या हाडांतूनही. हाडांतून खर्ज जास्त पोचतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो, म्हणून आवाज पातळ वाटतो. मित्रांना तुमचा आवाज नेहमी तसाच ऐकू येतो.

मिरवणुकीतल्या डीजेने आणि लेझरने खरंच अपाय होतो का?

होतो. डेसिबेलचं मोजमाप फसवं आहे. दर १० डेसिबेलला ध्वनीची तीव्रता दहा पट होते. साध्या बोलण्याचे ६० आणि स्पीकरच्या भिंतीसमोरचे १०० यांत ४० चा फरक दिसतो, पण तीव्रता दहा हजार पट असते. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी त्या धक्क्याने मोडतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. घरी आल्यावर कानात "कुईं" वाजत असेल तर ती इजेची खूण आहे. निवासी भागात ध्वनीची कायदेशीर मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल आहे.

लेझरचा प्रकाश साध्या दिव्यासारखा पसरत नाही. डोळ्याचं भिंग त्याची सगळी ऊर्जा पडद्याच्या एका टिंबावर आणून ठेवतं आणि तिथे भाजतं. मिरवणुकीत नाचा, ताशाही ऐका, पण स्पीकरच्या भिंतीपासून लांब उभे राहा आणि लेझर कधीही डोळ्यांवर घेऊ नका. लहान भावंडांना खांद्यावर घेऊन पुढे जाऊ नका. त्यांचा कान आपल्या कानापेक्षा वर, स्पीकरच्या समोर येतो.

शाळेच्या मैदानावर ध्वनीचा वेग मोजता येईल का?

फक्त मोजपट्टी आणि मोबाइलचं घड्याळ लागतं. शाळेच्या मोठ्या सपाट भिंतीपासून ६० मीटर मोजून उभे राहा. एकाने जोरात, एका लयीत टाळ्या वाजवायच्या. लय हळूहळू अशी बसवायची की प्रत्येक टाळीचा प्रतिध्वनी बरोबर दोन टाळ्यांच्या मध्ये पडेल. टाळी, भिंत, टाळी, भिंत, अशी सम लय लागली की दुसऱ्याने "शून्य" म्हणत घड्याळ सुरू करायचं आणि विसाव्या टाळीला थांबवायचं.

समजा १४ सेकंद लागले. दोन टाळ्यांमध्ये ०.७ सेकंद, प्रतिध्वनी त्याच्या निम्म्यात, म्हणजे ०.३५ सेकंदात आला. तेवढ्यात आवाज ६० मीटर गेला आणि ६० मीटर परतला. १२० भागिले ०.३५, म्हणजे ३४३ मीटर प्रति सेकंद.

पहिल्या दोन-तीन वेळा लय चुकते. ज्याला टाळ किंवा झांज वाजवायची सवय आहे, त्याला टाळ्यांवर उभं करा. सकाळी शाळा भरायच्या आधी करा, मैदान शांत असतं. मग दुपारच्या उन्हात पुन्हा करून दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा.